डावं पुढचं चाक

वास आधी आला. केस जळल्यासारखा, उग्र. ब्रेकचा लायनर तापला असेल असं वाटून मी चाकाच्या आणखी जवळ वाकलो, तेवढ्यात लटारूदादा ओरडला,

"हात! दौलत, हात काढ पहिले!"

मी खाली पाहिलं. माझा उजवा पंजा ट्रकच्या डाव्या पुढच्या चाकाच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या लोखंडी बुंध्यावर, सपाट टेकलेला होता. जळण्याचा वास तिथूनच येत होता. मी हात उचलला तेव्हा कातडीचा एक पापुद्रा लोखंडावरच राहिला. तळहातावर पांढरा, ओलसर चट्टा उमटला होता.

दुखलं काहीच नाही. आणि दुखलं नाही म्हणूनच मला रडू आलं.

मी तेव्हा तिशी ओलांडलेला होतो. त्याआधी हिंगणघाटजवळ हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रकची चाकं, ब्रेक आणि स्टिअरिंग हेच काम मी कित्येक वर्षं केलं होतं. मग पाठीवर चट्टे आले, बोटं बधिर व्हायला लागली. कुष्ठरोग आहे हे कळल्यावर आधी गॅरेज सुटलं, मग भाड्याची खोली, आणि शेवटी गावही. यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला आमच्यासारख्यांची एक वसाहत आहे, तिथे मी येऊन पडलो. औषधं वेळेवर घेतली. आजार पूर्ण बरा झाला, माझ्यापासून कोणाला काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण मनगटाखालची आणि पावलांतली जाणीव गेली ती गेलीच. बोटं थोडी वाकली होती. त्यांत पाना धरता येत होता, पण धरलेला पाना थंड आहे की गरम, घट्ट धरलाय की निसटतोय, हे बघितल्याशिवाय समजत नव्हतं.

म्हणून वसाहतीत मी रोपवाटिकेत काम मागून घेतलं होतं. सागाच्या रोपांना पाणी घालायचं. झारीच्या कामात चूक झाली तरी कोणी मरत नाही.

वसाहतीचा एक जुना, लांब नाकाचा ट्रक होता. कोणीतरी दान दिलेला. भाजीपाला बाजारात न्यायचा, सरपण आणायचं, आजाऱ्यांना मोठ्या दवाखान्यात पोचवायचं, सगळं त्यावरच. लटारूदादा तो चालवायचा. तोही आमच्यातलाच, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. त्याची बोटं माझ्याहून वाईट वाकलेली, स्टिअरिंग तो तळव्यांनी फिरवायचा, पण गाडी अशी चालवायचा की मागे ठेवलेल्या दुधाच्या किटल्या हिंदकळत नसत.

त्या दिवशी सकाळी तो तालुक्याच्या गावाहून परत आला आणि थेट रोपवाटिकेत येऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"गाडी डावीकडं वढते. चाकातून घर्रर्र आवाज येते. जरा पाहून तं दे."

"मी नाही पाहत आता ते, दादा."

"हात नको लावू. नुसतं पाह्य."

मी गेलो, वाकलो आणि हात लावला. चाक तापलंय का हे पाहायला हबवर हात ठेवायचा, ही सवय अंगातून गेलेली नव्हती. हाताला मात्र काही कळत नव्हतं.

मलमपट्टीच्या खोलीत पार्बताबाई होती. तीही बरी होऊन इथेच राहिलेली, एकटीच. आजारानं तिच्या भुवया नेल्या होत्या आणि डाव्या पायाची बोटं नेली होती, त्यामुळे ती कुबडी घेऊन चालायची. पण तिच्या हातांना काही झालं नव्हतं. वसाहतीतल्या सगळ्यांच्या जखमा धुणं, बांधणं तिच्याकडे होतं, आणि त्याबरोबर सगळ्यांना रागावणंही.

"काय केलं हे, दौलतभाऊ?"

"हब पाहिलं."

"हातानं?"

"हातानंच पाहतात ते."

"ज्यायच्या हातायले कळते ते पाह्यतेत." तिनं माझा पंजा उजेडाकडे वळवला. "किती डाव सांगितलं तुमाले? हाताले कळत नसन तं डोयायले विचारा. डोये नसतील तं कोपर लावा. आंघोळीचं पाणी कोपर लावून पाह्यता का नाही?"

"पाहतो."

"मंग?"

लटारूदादा दारात उभा होता. त्याची चूक असल्यासारखा टोपी हातात घेऊन. तो म्हणाला, "बाई, परवा लगन हाय."

ते वसाहतीत कोणाला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या मुलीचं, उज्ज्वलाचं लग्न होतं. उज्ज्वलाला त्यानं पाच वर्षांची असतानाच दूरच्या होस्टेलात ठेवलं होतं. पुढे ती नर्स झाली, तिकडेच तिनं मुलगा पसंत केला. मुलाचे वडील वासुदेवराव मागच्या महिन्यात स्वतः वसाहतीत आले होते. चहा प्यायले, आमच्याच कपात. आणि जाताना म्हणाले होते, "लगन माझ्या अंगणात. सगळ्यायनं या. पोरगी माझ्या घरी येऊन राह्यली, तिचं माहेर काय कुंपणाबाहेर उभं राहीन?"

असं आमंत्रण आम्हाला आधी कधी आलं नव्हतं. गेला महिनाभर वसाहतीत बायका लुगडी उन्हात टाकत होत्या. म्हातारा फकिरा, ज्याला कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो धोतराला नीळ घालत होता. बसनं जायचा प्रश्नच नव्हता. आम्ही बसमध्ये चढलो की आजूबाजूच्या जागा आपोआप रिकाम्या व्हायच्या. जायचं ते आपल्या ट्रकनं, सगळ्यांनी मिळून, खैरघाट ओलांडून.

म्हणूनच लटारूदादानं गाडीच्या चाकांना ग्रीस भरून घ्यायला ती तालुक्याच्या एका मिस्त्रीकडे नेली होती.

"त्यानं ग्रीस भरलं का?" मी विचारलं.

"भरलं. पण लय घाईत. म्हणे गाडी लवकर हटवा, गिऱ्हाईकं पाहून राह्यले. मी तिकडं लिंबाखाली उभा होतो, जवळ येऊ देल्लं नाही. आवाज येते म्हणून वापस गेलो तं म्हणे, केलं ते केलं, आता आणू नका."

मी डोळे मिटले. काय झालं असेल ते मला दिसत होतं. ट्रकचं पुढचं चाक फिरतं ते आतल्या दोन बेअरिंगांवर, त्यांतल्या गोल रुळांवर. वरून एक मोठा नट आवळून ते जागेवर ठेवायचं असतं. नट जास्त आवळला की रूळ घासतात, तापतात, ग्रीस जळतं, आणि चढावर किंवा उतारावर कधीतरी ते चाक जागच्या जागी धरतं, फिरायचंच थांबतं. कमी आवळला तर चाक लडबडतं आणि एक दिवस निखळून गाडीच्या पुढे पळतं. या दोन्हीच्या मधली जागा केसाएवढी असते. घाईत ती सापडत नाही.

"नट कसून टाकला त्यानं," मी म्हणालो. "त्या गाडीत कोणी बसू नका."

"तं मंग तू कर सैल."

"दादा, हा हात बघ."

"तू सांग, मी करतो."

"तुझ्या तरी हाताला कुठं कळतं? ते सांगून होत नाही. चाक फिरवायचं, नट आवळायचा, आणि मग जरासा मागं घ्यायचा. किती मागं, ते बोटांना कळतं. डोळ्यांना नाही दिसत." माझा आवाज चढला होता. "मागं आपलीच माणसं बसणार. तुझी पोरगी त्या मांडवात वाट पाहणार. आणि घाटात चाक धरलं तर?"

लटारूदादानं टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "मंग उज्ज्वलाले निरोप धाडतो. मी एकटा पायी जातो पहाटंच निंघून."

पार्बताबाई पट्टी गुंडाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माह्या हातायले कळते."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय पाह्यता? मले गाडीतलं काही समजत नाही. पण गरम, थंड, सैल, कसलेलं, हे बोटायले समजते. तुमाले गाडी समजते, पण तुमच्या बोटायले कळत नाही. दोघं मिळून होत नाही का?"

"काळं ग्रीस असतं, पार्बताबाई."

"दिवसभर पू धुते मी. ग्रीसचं भेव दाखवता मले?"

दुपारी आम्ही गाडी पटांगणातल्या लिंबाखाली घेतली. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. जॅकचा दांडा लटारूदादानं कोपरांच्या बेचक्यात धरून दाबला, चाक जमिनीवरून उचललं गेलं, आणि मी खाली लाकडी ओंडका सरकवून दिला. पार्बताबाई पालथ्या डब्यावर बसली. पदर खोचला, कुबडी गाडीच्या बंपरला टेकवून ठेवली.

मी सांगत गेलो. हबवरचं टोपण, मग नटातून आरपार गेलेली पिन, मग नट. पिन काढायला तिला वेळ लागला, कारण ती पिन वाकडी घुसवलेली होती. नट मात्र तिच्यानं हललाच नाही. लटारूदादानं पान्यावर सगळं वजन टाकलं तेव्हा कर्रकन आवाज करून तो सुटला.

"एवढा कसला होता?" तिनं विचारलं.

"एवढा."

बेअरिंगा बाहेर निघाल्या. ग्रीस जळून डांबरासारखं झालं होतं. तिनं त्यात बोट घातलं आणि नाक मुरडलं. "वांग्याचं भरीत जळलं म्हणजे असंच होते." लटारूदादा सकाळपासून पहिल्यांदा हसला.

रॉकेलमध्ये सगळं धुतलं, फडक्यानं पुसलं. मी एकेक रूळ उन्हात धरून पाहिला. लोखंडाला निळी झाक आली असती तर ती बेअरिंग बादच. तशी नव्हती. पण डोळ्यांना दिसलं म्हणजे झालं असं नाही. ती कोरडी फिरवून पाहायची असते, आत कुठे खरखर लागते का ते.

"ही बोटांत धरा. दाबून, हळूच फिरवा. काय लागतं?"

ती फिरवू लागली. डोळे मिटून, मान थोडी कलती करून. जखम तपासतानाही ती अशीच बसायची.

"गुळगुळीत हाय... थांबा. एका जाग्यावर अडते."

"कसं अडतं? ठेचकाळल्यासारखं? की रेती लागल्यासारखं?"

"तांदळात खडा लागते तसं. बारीक."

"परत धुवा."

तिनं परत धुतली. जुना दात घासायचा ब्रश आणून रुळांच्या मधून घासली. पुन्हा डोळे मिटून फिरवली. एकदा, दुसऱ्यांदा, उलटीकडून.

"नाही आता."

"नक्की?"

"दौलतभाऊ," ती म्हणाली, "जखमेत ऱ्हायलेला खडा या बोटायनं काढते मी. नाही म्हणते म्हणजे नाही."

मी मान हलवली. मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि तो ठेवणं फार जड जात होतं. आजवर माझ्या कामाची खात्री मी दुसऱ्याच्या हातानं कधी केली नव्हती.

नवं ग्रीस तळहातावर घेऊन रुळांच्या मधून कसं दाबत भरायचं, ते मी तिला नुसत्या हवेतल्या हातांनी दाखवलं. ती लगेच शिकली. बेअरिंगा बसल्या, चाक चढलं, नट लागला. आता खरं काम होतं.

"दादा, तू पाना धर. पार्बताबाई, तुम्ही चाक फिरवत राहा. थांबवायचं नाही. दादा नट आवळत जाईल. चाक जड व्हायला लागेल. ते सांगा."

चाक फिरू लागलं. "हलकं... हलकं... जरा जड... जड झालं... आता वढूनच फिरवा लागते."

"बस. आता सगळं जागेवर बसलं. दादा, मागं घे."

"किती?" लटारूदादानं विचारलं.

"ते या सांगतील."

"मी काय सांगू?" पार्बताबाई म्हणाली. "कसं पाह्यजे तुमाले?"

मी तोंड उघडलं आणि मला शब्दच सापडेना. इतकी वर्षं मी ते करत होतो, पण कोणाला सांगितलं नव्हतं. "सैल हवं. पण ढिलं नको."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे चाक आपलं आपण फिरलं पाहिजे, पण हललं नाही पाहिजे."

"फिरावं पण हलू नये?"

"धरून ठेवलं पाहिजे, पण आवळायचं नाही..."

मग तिनं माझा पट्टी बांधलेला हात ओढून पुढे घेतला आणि पट्टीच्या कडेखाली स्वतःच्या करंगळीचं टोक सारलं. "असं? जास्त कसली तं रगत थांबते, बोट काळं पडते. ढिली राह्यली तं रातच्याला निंघून जाते. बोट शिरलं पाह्यजे, पण फिरू नये."

"हां," मी म्हणालो. "हेच. अगदी हेच."

"मंग असं सांगा ना सुधं." ती परत चाकाकडे वळली. "दादा, मागं घ्या. हळू. अजून. अजून... बस."

मी पिन घालायला सांगणार होतो. पण चाक एकदा धरून हलवून पाहायचं राहिलं होतं. वरून आणि खालून टायर धरायचा आणि आत-बाहेर ढकलायचा. आधी मी तेही काम बोटांचंच म्हणालो असतो. मी उजवं मनगट टायरवर ठेवलं, पट्टी वर राहील असं, डावा हात खाली लावला, आणि अंगाचा भार देऊन चाक ढकललं.

खट्.

आवाज झाला असेल नसेल. पण ते मला खांद्यात कळलं. कोपरातून वर चढून थेट खांद्याच्या सांध्यात.

मी परत ढकललं. परत खट्.

"ढिलं आहे," मी म्हणालो.

"तुमाले कसं समजलं?" पार्बताबाईनं विचारलं.

"खांद्याला लागलं." मी तिसऱ्यांदा ढकललं, नुसतं ते लागावं म्हणून. "पार्बताबाई, खांद्याला कळतं आहे मला!"

लटारूदादा पाना घेऊन तसाच उभा होता. त्याला वाटलं असेल, ऊन लागलं याला. मी चाक ढकलत होतो आणि हसत होतो.

"तुम्ही जास्तच मागं घेतलं," मी तिला म्हणालो.

ती जरा ओशाळली. "तुमचा भाजलेला हात पाह्यला सकाळी. भेव वाटलं मले, पुन्हा तापन म्हणून."

नटाला खाचा असतात, त्यांतल्या एकीतून पिन आरपार जाते. आम्ही नट एक खाच पुढे घेतला. तिनं चाक फिरवलं. "बरोबर हाय. करंगळी शिरते." मी ढकललं. खांद्याला काही लागलं नाही. मग मी लांब पहार मागवली, तिचं एक टोक हबला टेकवलं आणि दुसरं कानाला. कान माझे शाबूत होते. पार्बताबाईनं चाक फिरवलं. आत रूळ फिरत होते, रेशमी कापड ओढल्यासारखे, न अडखळता. गॅरेजात असताना अवघड कामाच्या शेवटी मी हा आवाज ऐकायचो आणि मग चहा प्यायला जायचो. मी बराच वेळ पहार कानाला लावून बसलो. लटारूदादा घाई करू लागला तेव्हा उठलो.

पिन घातली. नाल्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं, आम्ही तिघंही केबिनमध्ये बसलो. गाडी सरळ चालत होती. घरघर नव्हती. नाल्यापाशी लटारूदादानं गाडी थांबवली, मी उतरलो, चाकाशी वाकलो आणि हात पुढे गेला.

"अं हं!" वरून पार्बताबाई ओरडली.

मी हात मागे घेतला. सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर हबवर टेकवलं.

कोमट होतं. तापलेल्या दुधावर साय धरायच्या वेळेला भांडं असतं, तेवढंच.

लग्नाच्या दिवशी सकाळी अख्खी वसाहत ट्रकमध्ये चढली. ज्यांना चढता येत नव्हतं त्यांना उचलून घेतलं. फकिराचं धोतर इतकं निळं झालं होतं की बायका त्याला चिडवत होत्या. मी केबिनमध्ये लटारूदादाशेजारी बसलो आणि सगळा रस्ता त्या एका चाकाचा आवाज ऐकत राहिलो. मागे गाणी चालली होती, त्यातून तो ऐकणं सोपं नव्हतं. घाट चढताना माझे पाय ताठ झाले होते. माथ्यावर मी गाडी थांबवायला लावली, उतरलो, आणि कोपर लावून पाहिलं.

मागच्या फळीवरून कोणीतरी ओरडलं, "कोपरानं काय पाह्यता गा? गाडीले आंघोळ घालता का?"

सगळे हसले. मीही. "चला," मी म्हणालो. उतार लटारूदादानं असा काढला की खाली पोचल्यावरच सगळ्यांना कळलं, घाट संपला.

मांडवात आम्ही सवयीनं एका कडेला, गोठ्याच्या बाजूला जाऊन बसलो. वासुदेवराव धावत आले. "तिकडं काहून बसले? पंगत इकडं हाय." आम्हाला उठवून त्यांनी मधल्या रांगेत नेलं आणि स्वतः लटारूदादाच्या आणि माझ्या मध्ये पान घेतलं. थोडा वेळ बाकीची पानं रिकामीच राहिली. काही माणसं घरी निघून गेली, ते मी पाहिलं. मग मुलाची आजी आली आणि पार्बताबाईच्या शेजारी बसली. मग एकेक जण येऊ लागला. रांग पूर्ण भरली नाही, पण भरत गेली. लटारूदादाच्या हातातून वरण-भाताचा घास निसटला तेव्हा वासुदेवरावांनी त्याच्या पानावर आणखी भात वाढायला सांगितला आणि बोलणं चालू ठेवलं.

जेवण झाल्यावर मी हौदापाशी हात धुवायला गेलो. शेजारी एक धिप्पाड माणूस चूळ भरत होता. मुलाचा मामा, नत्थूजी. कापसाची गाडी चालवायचा. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मी पट्टी मागे घेतली. पुढचा प्रश्न मला पाठ होता, आणि त्यानंतर समोरचा माणूस दोन पावलं मागे सरतो, तेही.

"हाताले काय झालं?" त्यानं विचारलं.

"हब तापलं होतं गाडीचं. बेअरिंग कसून आवळलेली होती. मी हात ठेवला."

नत्थूजी हसला. मोठ्यानं, पाणी उडवत. आपला पंजा माझ्यापुढे उघडला. तळहातावर जुना, चकाकणारा व्रण होता, माझा असणार होता तसाच. "हे पाह्य. पांढरकवड्याच्या रस्त्यावर. मीबी ठेवला होता. चार दिस भाकर तोडता येत नव्हती मले."

आम्ही दोघं हात समोर धरून उभे होतो. कोणीतरी माझ्या हाताकडे पाहत होतं आणि गाडीबद्दल बोलत होतं.

"मंग कोणी केली दुरुस्त?" त्यानं विचारलं. "घाट उतरून आली तुमची गाडी, एवढी माणसं घेऊन."

"आम्हीच. तिघांनी."

"माह्या गाडीचं मागचं चाक डुलते," तो म्हणाला. "दोन जाग्यावर दाखवलं. कोणाले ठिकाणा लागत नाही." त्यानं हात पुसले, आणखी काही विचारलं नाही, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून मांडवात निघून गेला. माझ्या मनातून ती गोष्ट गेली. लग्नात माणसं असं बोलतात.

सोमवारी मी रोपवाटिकेत झारी भरत होतो. वसाहतीच्या फाटकाशी हॉर्न वाजला. आमच्या गाडीचा नव्हता. बाहेरची गाडी आमच्या फाटकातून आत आलेली मी तोवर पाहिली नव्हती. सामान घेऊन येणारे ते रस्त्यावरच उतरवून जायचे. हा ट्रक मात्र धुरळा उडवत सरळ पटांगणात आला आणि लिंबाखाली थांबला. नत्थूजी खाली उतरला, कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे पाहू लागला.

"मिस्त्री कुठी भेटन?" त्यानं मोठ्यानं विचारलं. "दौलत मिस्त्री?"

मी झारी हातात घेऊन तसाच उभा. पाणी पायावर सांडत होतं, ते मला दिसत होतं. मलमपट्टीच्या खोलीच्या ओट्यावर पार्बताबाई उभी होती.

"अवो," ती म्हणाली, "जा ना. तुमालेच बलावते."

मी झारी खाली ठेवली आणि गेलो. मागचं डावं चाक खरंच डुलत होतं. मी वाकून दोन्ही कोपरं टायरवर टेकवली, ढकललं, आणि खांद्याला लगेच कळलं कुठे आहे ते. जॅकसाठी जागा बघायला मी गाडीखाली शिरलो, आणि तिथे, पाठ जमिनीला टेकल्यावर माझ्या ध्यानात आलं की ती 'दौलतभाऊ' म्हणाली नव्हती. 'अवो' म्हणाली होती.

मी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. ओट्यावर ती नव्हती. कुबडी टेकत ती पटांगण ओलांडून गाडीकडेच येत होती, आणि पदर तिनं आधीच खोचून घेतला होता.